आता माझं तुम्ही सांगा

येरमाळा मागे पडलं की महामार्गाच्या कडेला फटाक्यांच्या पाट्या दिसू लागतात. तेरखेडा आलं. वाशी तालुक्यातल्या या गावाला लोक महाराष्ट्राची शिवकाशी म्हणतात. दिवाळीच्या आधी मी तिथल्या एका दुकानापुढे गाडी थांबवली आणि दुकानदाराला फटाके कसे वाईट, हे सांगत बसलो. धूर, आवाज, तान्ही मुलं, कुत्री. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "झालं का सर तुमचं? आता माझं काय म्हणणं आहे, ते तुम्हीच सांगा बरं."

मला सांगता आलं नाही. "पोटापाण्याचा प्रश्न आहे," एवढं पुटपुटलो.

त्याने जी मागणी केली, तिला आपल्याकडे जुनं नाव आहे: पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं आधी मांडायचं, तेही असं की त्याने मान डोलवावी. आपलं उत्तर त्यानंतर. गौतमाच्या न्यायसूत्रांत बोलाचालीचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते शोधायला बसतात तो वाद, जिंकायला बसतात तो जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडायचं ती वितंडा. मराठीने जल्प टाकून दिला, वितंडवाद रोजच्या बोलण्यात ठेवला, आणि वाद म्हटलं की आपल्याला बांध आठवतो, कोर्टाची तारीख आठवते. हुज्जतीचंही तेच झालं. अरबी-फारसीत हा शब्द पुराव्यासाठी, युक्तिवादासाठी आहे. आपण ती भाजीवालीशी घालतो. दोन भाषांमधून आलेले दोन चांगले शब्द आपल्या तोंडी भांडकुदळ झाले.

मग मतभेद असताना समोरच्याचा मान राखायचा कसा? आपलं उत्तर ठरलेलं: गप्प बसून. तेरखेड्याच्याच जिल्ह्यातल्या तेरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गोरोबाकाका कुंभारांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोणतं मडकं पक्कं ते पाहिलं. बाकीचे बसून राहिले, नामदेव चिडले, आणि कच्चं मडकं ठरले. लहानपणी मला ही गोष्ट नम्रतेचा धडा म्हणून सांगितली गेली. आता वाटतं, डोक्यात थापटणं बसल्यावर 'का?' विचारणारा तिथे एकच होता. आणि रुसून तो घरी बसला नाही; आपलं कुठे कच्चं आहे ते शोधत विसोबा खेचरांकडे गेला. वारकरी मंडळी मला माफ करोत, पण मी नामदेवांच्या बाजूचा.

पुढे छापखाना आला, सभा आल्या, आणि वादाला प्रेक्षक मिळाले. 1857 साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत, तो ऐकायला गर्दी लोटे. गर्दी असली की समोरच्याचा मुद्दा पटला तरी 'पटला' म्हणणं अवघड होतं. टिळक-आगरकरांचं उदाहरण मला यासाठी महत्त्वाचं वाटतं. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात 1882 मध्ये दोघं डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. एका कोठडीत, ऐकायला तिसरं कुणी नाही, आणि तासन् तास वाद. सुटका झाली तेव्हाही मैत्री शाबूत. मतभेद वाढले, आगरकरांनी 1887 मध्ये 'केसरी' सोडला, 1888 मध्ये 'सुधारक' काढला, आणि तेच वाद छापून येऊ लागले. भाषा बोचरी होत गेली, माणसं तुटली. हे निव्वळ तत्त्वांचं भांडण होतं, असं मला वाटत नाही. प्रत्येक ओळीला टाळ्या देणारे आपापले वाचक आता समोर बसले होते. वादाचा जल्प झाला.

दुकानात आम्ही दोघंच होतो, हे माझं नशीब. चहा सांगून त्याने स्वतःच सुरुवात केली. त्याच्या बोटांच्या पेरांत चंदेरी भुकटी बसली होती. अल्युमिनियमची, धुऊनही जात नाही म्हणाला. जमीन कोरडवाहू. पाऊस गेला की ऊसतोडीला बिऱ्हाड हलवायचं, पोरांची शाळा बुडवायची. नाहीतर गावातच राहून सुतळी गुंडाळायची. माझ्या 'पोटापाण्या'त यातलं काहीच नव्हतं.

आणि मग त्याने माझी बाजू मांडली. माझ्यापेक्षा नेटकी. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीला रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली, बेरियमवर बंदी घातली, हे त्याला तोंडपाठ होतं. पुढचं तो खालच्या आवाजात बोलला. "तुम्ही वाजवणाऱ्याचं बोललात. भरणाऱ्याचं राहिलं. शेडमध्ये एक ठिणगी पडली, की काय होतं ते आम्हाला विचारा."

खरंच, ते माझ्या यादीत नव्हतं.

निघताना मी फुलबाज्यांचे दोन पुडे घेतले. सुतळी बॉम्बचं खोकं त्याने पुढे सरकवलं, मी मागे सरकवलं. सुटे पैसे मोजून हातावर ठेवत तो म्हणाला, "राहू द्या. बॉम्बचं पुढच्या वर्षी बोलू."