बल्लाळाचा मांडव आणि तळघरातला गोंगाट

अष्टविनायकांत पालीचा गणपती, बल्लाळेश्वर, एका बाबतीत वेगळा. तो भक्ताच्या नावाने ओळखला जातो, आणि तो भक्त कोणी ऋषी नव्हे, एका शेटजींचा पोरगा. गणेशपुराणातली गोष्ट अशी: कल्याण शेटचा बल्लाळ गावातली पोरं जमवून रानात जाई. तिथे एक धोंडा देव म्हणून मांडलेला, वर डहाळ्यांचा मांडव. पोरं टाळ्या पिटत, गात, नाचत, तहानभूक विसरत. घरी यायला उशीर होऊ लागला तसे गावातले बाप शेटजींच्या दारात येऊन उभे राहिले. तुमच्या पोराने आमची पोरं बिघडवली! शेटजी दांडकं घेऊन निघाले. मांडव मोडला, धोंडा भिरकावला आणि पोराला बडवून झाडाला बांधलं.

देव-भक्ती बाजूला ठेवून ही गोष्ट पुन्हा वाचावी. गावाबाहेरची जागा, मूठभर पोरं, ओबडधोबड सामान, कोणालाही न समजणारा कल्ला आणि दारात तक्रार घेऊन आलेले बाप. मुंबईत रॉक वाजवणाऱ्या कुठल्याही पोराला ती आपल्याच घरची वाटेल. जुहूच्या ‘रॅझबेरी ऱ्हायनोसेरस’पासून खारच्या ‘अँटीसोशल’च्या तळघरापर्यंत या मंडळींचे मांडव असेच उभे राहिले आणि उठले.

त्यातही नॉइझ रॉक हे सगळ्यांत अवघड पोर. सूर चुकला म्हणून नव्हे, चुकलेलाच सूर हवा म्हणून वाजवलेलं संगीत. १९८१ साली न्यूयॉर्कात सुरू झालेल्या ‘सॉनिक यूथ’ या बँडने गिटारी मुद्दाम भलत्याच सुरांत लावल्या, तारांखाली स्क्रू ड्रायव्हर खुपसले. जपानच्या मासामी अकिताने तर त्याच सुमारास ‘मर्झबो’ या नावाने चाल, ठेका, शब्द सगळं काढून टाकायला घेतलं. उरली ती नुसती घरघर. असल्या कार्यक्रमाला चाळीस माणसं आली तरी खोली भरते. खर्ज कानाआधी बरगड्यांना कळतो, हातातल्या ग्लासातलं पाणी थरथरतं आणि शेजाऱ्याशी बोलायची सोयच उरत नाही. बहुतेकांचे डोळे मिटलेले असतात. म्हणून प्रश्न पडतो तो संगीताचा नाही, धर्माचा: अर्थ नसलेल्या आवाजात माणूस असा विरघळतो, त्याला काय म्हणायचं?

उत्तर शोधायला न्यूयॉर्कला जावं लागत नाही. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात नादाचे दोन प्रकार आहेत: आघाताने निघतो तो आहत, आघाताविना असतो तो अनाहत. यातली गमतीची गोष्ट पुढे आहे. अनाहत मुक्ती देतो, पण रंजन करत नाही, असं सांगून शार्ङ्गदेव लोकांसाठी आहताकडे वळतो. म्हणजे ऐकायला गोड नसणं हा मोक्षाच्या आड येणारा दोष नाही, हे इथे आठशे वर्षांपूर्वीच मान्य होतं.

आता तळघरातला एक क्षण पाहा. गिटारवाला वाजवायचा थांबतो आणि गिटार अँप्लिफायरच्या तोंडाशी धरतो. स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाने तार आपोआप कापू लागते, पिकअप ते कापणं अँपला देतो, अँप ते वाढवून पुन्हा तारेकडे पाठवतो. बोटं बाजूला आहेत आणि तार किंचाळते आहे. वाजवणारा फक्त कंबरेतून इकडेतिकडे वळतो, तसा सूर बदलतो. याला फीडबॅक म्हणतात. भाबडा श्रोता अनाहत म्हणेल. शार्ङ्गदेवाने मात्र ते मान्य केलं नसतं. तारेला हवा येऊन आदळते, तेव्हा हाही आहतच.

अर्थाचं म्हणाल तर वैदिकांनीही त्याचा फार बाऊ केला नाही. सामगानात ऋचेच्या शब्दांमध्ये ‘हाउ’, ‘होइ’ अशी अक्षरं घातली जातात. त्यांना स्तोभ म्हणतात आणि त्यांना अर्थ नसतो. यास्काच्या निरुक्तात तर कौत्स नावाचा आचार्य मंत्रच मुळात निरर्थक असतात असं म्हणतो. यास्क त्याला खोडून काढतो, पण त्याचं म्हणणं नोंदवून ठेवतो, हे विशेष.

अर्थ आवाजात नसतो, याचा एक ओतीव पुरावा पालीत टांगलेला आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. त्यांतली एक बल्लाळेश्वराला आली. दुसरी नाशिकला गोदाकाठी आहे ती नारोशंकराची घंटा. खणखणीत आवाजाच्या माणसाला तिचं नाव चिकटतं ते अजून सुटलेलं नाही. युरोपीय घंटेवर टोला पडला की एकच सूर निघत नाही, सुरांचा घोस निघतो. त्यात षड्जाजवळ कोमल गंधारही असतो आणि काही सूर कोणाशीच न जुळणारे असतात. धातू तोच, घोस तोच. एका पिढीला तो मेरीमातेचा वाटला, दुसरीला विजयाचा, तिसरीला गणपतीचा. आवाजाने स्वतःहून कुठलाही धर्म घेतलेला नाही.

मग पवित्र काय आणि गोंगाट कुठला, हे ठरवायचं कशावरून? डेसिबलवरून नव्हे. ऐकणारा आपल्या पायाने आला का, आणि त्याला उठून जाता येतं का, यावरून. तळघरातले चाळीसजण तिकीट काढून आलेले असतात आणि दार उघडं असतं. बल्लाळाची पोरंही रानात गेली होती, कुणाच्या ओटीवर नव्हे. गल्लीच्या तोंडाशी उभी केलेली डीजेची भिंत मात्र तान्ह्या मुलाला आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला विचारत नाही. दुसऱ्यांची शांतता मोडून प्रार्थना करावी असं कुठलाच धर्म सांगत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच एका चर्चच्या खटल्यात सांगितलं.

त्याच वर्षी ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. त्याचा फटका धोबीतलावच्या रंगभवनला बसला; १९८६ पासून चाललेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाला ते उघडं प्रेक्षागृह सोडावं लागलं. २००२ मध्ये नियमांत सवलत घातली गेली: वर्षातले पंधरा दिवस, सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी, मध्यरात्रीपर्यंत लाउडस्पीकर. ते पंधरा दिवस कोणाच्या वाट्याला येतात, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. रंगभवन गप्प झालं त्याचं दुःख नाही, शेजारी आजारी माणसं होती. पण तोच न्याय मिरवणुकीला लावताना हात का कापतो?

पुराणात कल्याण शेटना शाप मिळाला तो आंधळा, बहिरा, मुका आणि कुबडा होण्याचा. यातलं बहिरेपण मिळवायला आता शाप लागत नाही. शंभर डेसिबलच्या आवाजात कान सुरक्षित राहतात ते जेमतेम पंधरा मिनिटं. तेव्हा मिरवणूक असो की तळघर, जायचं असेल तर कानात बोळे घालून जावं.