मांडव मोडल्यावर

शास्त्रपाठ : नहेम्या ८:१-१८, १३:२३-२४



यरुशलेमेचा कोट बावन्न दिवसांत बांधून झाला होता. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सर्व लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले आणि मोशेच्या नियमशास्त्राचा ग्रंथ घेऊन या, असे त्यांनी एज्रा शास्त्र्याला सांगितले. एज्राने लोकांना बोलावले नाही, लोकांनी एज्राला बोलावले, हे वाचताना सुटून जाऊ नये. त्या समुदायात पुरुष होते, स्त्रिया होत्या आणि ऐकून समजेल इतकी मोठी झालेली मुलेही होती. पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन चालले. लेवी अर्थ सांगत होते. ऐकता ऐकता लोकांना रडू कोसळले, तेव्हा आज रडू नका, जेवा, आणि ज्याच्या घरी काही शिजले नाही त्याला वाटा पाठवा, असे त्यांना सांगण्यात आले.

दुसऱ्या दिवशी घराघरांतील वडीलधारी माणसे पुन्हा एज्राकडे आली. शोधता शोधता त्यांना मांडवांच्या सणाविषयीची आज्ञा सापडली. मग काय, लोक डोंगरावर गेले, डहाळ्या तोडून आणल्या आणि धाब्यावर, अंगणात, मंदिराच्या आवारात, चौकाचौकांत मांडव घालून त्यांत राहू लागले. यहोशवाच्या काळापासून असा सण झाला नव्हता, आणि त्यांचा आनंद फार मोठा होता, असे शास्त्र सांगते.

आपल्या उन्हाळी शिबिराला शास्त्रातून आधार शोधावयाचा झाला तर तो मला या अध्यायात दिसतो. घर सोडून सात दिवस डहाळ्यांखाली झोपणे, लहानमोठ्यांनी एकत्र खाणे, एकत्र ऐकणे, ही देवाने आपल्या लोकांना नेमून दिलेली गोष्ट होती. म्हणून शिबिर म्हणजे केवळ पोरांची सहल, असे जे कोणी म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. मे महिन्यात बुऱ्हाणपुरात काय होते ते आपण जाणतो. तापी पात्राच्या एका कडेला जाऊन बसते, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा दिवसांत कधी पचमढी, कधी चिखलदरा, आणि तेवढे पैसे नसतील तर चर्चच्याच आवारात कनात ठोकून आपण मुलांना एकत्र ठेवतो. एरवी ज्याला घरात स्वतःची खाट नाही, ज्याच्याशी दिवसभरात कोणी दोन शब्द नीट बोलत नाही, त्या मुलाला तेथे प्रथमच कोणीतरी विचारते, तुझ्यासाठी काय प्रार्थना करू? ही लहान गोष्ट नव्हे.

सुट्टीतील शास्त्रशाळेची सुरुवातही अशीच झाली. १८९८ साली न्यूयॉर्क शहरात हॉज नावाच्या बाईंनी पाहिले की, उन्हाळ्यात शाळा बंद असताना गरीब वस्तीतील मुले रस्त्यावर मोकाट हिंडतात. जागा मिळाली ती एका बिअरच्या गुत्त्याची. तीच भाड्याने घेऊन त्यांनी मुलांना रोज शास्त्र शिकवण्यास आरंभ केला. आपल्या मंडळीला हॉल नाही, म्हणून यंदा शास्त्रशाळा नाही, असे म्हणणाऱ्या कारभारी मंडळींनी त्या गुत्त्याची आठवण ठेवावी.

आता मूळ पाठाकडे येऊ. आठव्या अध्यायाचे अठरावे वचन घाईने वाचू नका. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, दररोज, देवाच्या ग्रंथाचे वाचन होत गेले, असा त्याचा आशय आहे. म्हणजे मांडव आणि ग्रंथ ही दोन्ही एकाच वेळी आली. रडणे एका दिवसाचे होते, वाचन रोजचे होते. पण मांडव मोडावयाचेच असतात. डहाळ्या आठ दिवसांत वाळतात. सण संपल्यावर प्रत्येकजण आपल्या घरी गेला, तेव्हा त्या घरात ग्रंथ गेला की नाही, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर याच पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आहे, आणि ते सुखाचे नाही. लोकांनी करार केला होता, वडीलधाऱ्यांनी त्यावर शिक्के मारले होते. अर्तहशश्त राजाच्या विसाव्या वर्षी आलेला नहेम्या बत्तिसाव्या वर्षी राजाकडे गेला आणि काही काळाने परत आला. पाहतो तो लेवी आपला वाटा न मिळाल्यामुळे शेतीकडे पळालेले, शब्बाथ दिवशी द्राक्षकुंडे तुडवणे चाललेले, आणि कित्येक घरांतील मुले अर्धे अश्दोदी बोलत होती, त्यांना यहूदी भाषा येतच नव्हती. ज्या ग्रंथासाठी त्यांचे आईबाप पाणीवेशीपाशी उभे राहून रडले होते, तो ग्रंथ या मुलांना वाचून दाखवला असता तरी कळला नसता. (नहेम्याने त्या वेळी संतापाच्या भरात माणसांचे केस उपटले. ते शिक्षकांनी अनुकरण करावे म्हणून लिहिलेले नाही.)

आपल्या सीमेवरच्या मराठी मंडळ्यांना हा अध्याय झोंबला पाहिजे. आपली उपासना मराठीत, गीते मराठीत, घरातील पवित्र शास्त्र मराठी. आणि मुले हिंदी किंवा इंग्रजी शाळेत. देवनागरी लिपी एकच असल्यामुळे मूल मराठी शास्त्र वाचल्यासारखे वाचते, आणि आपण समाधान मानतो. पण त्याच्या हिंदी पुस्तकात ‘ळ’ हे अक्षर नसते, म्हणून मेंढपाळ आणि कळप या शब्दांपाशीच ते अडखळते. कनवाळू म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. अशा मुलाच्या हातात शिबिराच्या शेवटी नवा करार देऊन ‘रोज वाच’ म्हणणे, म्हणजे कुलूप न उघडता खोली दाखवणे होय.

आठव्या अध्यायातील लेव्यांनी हीच अडचण ओळखली होती. त्यांनी वाचले, आणि लोकांना समजेल असा अर्थ सांगितला. पंडिता रमाबाईंनीही ती ओळखली. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये आलेल्या साध्या, अल्पशिक्षित स्त्रियांना शास्त्र समजले पाहिजे, या एका तळमळीने त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याची छपाईही मुक्तीतील स्त्रियांच्या हातांनी झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. वाचणाराला समजावे यासाठी एका विदुषीने आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घातली, आणि आपण एका मुलाला दहा मिनिटे देण्यास कुरकुरतो. मुलाला हिंदी शास्त्रच अधिक समजत असेल तर हिंदी द्या, त्यात भाषेचा अपमान नाही. पण मग घरातील मोठ्या माणसाने शेजारी मराठी शास्त्र उघडून बसले पाहिजे. नाहीतर आजी एका भाषेत प्रार्थना करील आणि नातू दुसऱ्या भाषेत गप्प राहील.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातील मुलगा दोन वर्षांपूर्वी शिबिरात जाऊन आला. शेकोटीच्या रात्री त्याने उभे राहून साक्ष दिली. ऑगस्टमध्ये तो उपासनेला येईनासा झाला. विचारले तेव्हा म्हणाला, ‘‘तिथं देव जवळ वाटत होता. इथं काहीच वाटत नाही. म्हणजे माझं ते सगळं खोटंच होतं ना?’’ बाप पॉवरलूमवर रात्रपाळीला, आई सकाळी कामाला जाणारी. घरात वाचून दाखवणारे कोणी नाही. राहिली आजी, तिला शास्त्र येते, पण डोळ्यांनी दिसत नाही. शिक्षकाने एवढेच सुचवले की, रोज संध्याकाळी तू आजीला वाचून दाखव. त्यात भक्तीचा मोठा आव नव्हता, आजीची सोय होती. तो अडखळत वाचू लागला, आजी पडल्या पडल्या उच्चार सुधारी आणि शब्दांचे अर्थ सांगे. मार्काचे शुभवर्तमान त्यांनी असे पुरे केले. त्याला पुन्हा शेकोटीसारखे वाटले का, हे मी विचारले नाही. पण तो उपासनेला येऊ लागला, आणि एके दिवशी त्याने शिक्षकाला असा प्रश्न विचारला की, शिक्षकाला घरी जाऊन शास्त्र उघडावे लागले.

तीमथ्याच्या विश्वासाविषयी लिहिताना पौलाला त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची आठवण होते, ती उगीच नव्हे.

त्या मुलाचा प्रश्न मात्र अनेक मुलांच्या मनात असतो, आणि तो न विचारताच ती मंडळीपासून दूर जातात. याला थोडे आपणही जबाबदार आहोत. शेवटच्या रात्री दिवे मंद करून, तेच ध्रुपद आठ वेळा गाऊन, किती हात वर झाले ते मोजून अहवालात लिहिण्याची पद्धत मला पसंत नाही. लेकराचे हृदय कोवळे असते. ते हलवणे सोपे आहे. रानात मान्ना पडत असे तो रोजच्या रोज गोळा करावा लागे. उद्यासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडत. शिबिरातील अनुभव खरा असला तरी तो त्या दिवसाचा मान्ना आहे. ऑगस्टमध्ये तो शिळा लागला तर मे महिन्यातला मान्ना खोटा होता असे ठरत नाही. ऑगस्टचा गोळा केला नाही, एवढेच ठरते.

आपल्या गावात लालबागेकडे कुंडी भंडारा आहे. १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानान सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने तो बांधला. शाळेच्या सहलीत आपण सर्वांनी तो पाहिला आहे, पण त्याची रचना शिक्षकांनी मुलांना पुन्हा समजावून सांगावी. तापीला पावसाळ्यात पूर येतो, सारे गाव पाहावयास जाते, आणि ते पाणी वाहून जाते. कुंडी भंडाऱ्याचे पाणी कोणी येताना पाहत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी थेंबाथेंबाने भुयारात झिरपते आणि केवळ उताराच्या बळावर, एका कुंडीखालून दुसऱ्या कुंडीखाली, शहराकडे येते. अशा शंभराच्या आसपास कुंड्या एका भुयाराने जोडलेल्या आहेत. चारशे वर्षे होऊन गेली. त्या पाण्याला धोका दुष्काळाइतकाच चुन्याचा आहे. पाण्यातलाच चुना भिंतींवर साचत जातो, कणाकणाने, आणि झिरपण्याच्या वाटा अरुंद होतात. आपले वाचनही कोणी एका दिवशी ठरवून सोडत नाही. आज पाहुणे आले, उद्या परीक्षा, परवा मोबाइल हातात घेतला तो शास्त्र उघडण्यासाठीच, आणि अर्धा तास दुसरेच काही पाहण्यात गेला. पलिष्ट्यांनी मातीने बुजवलेल्या विहिरी इसहाकाने पुन्हा उकरल्या आणि बापाने ठेवलेलीच नावे त्यांना दिली. नव्या विहिरी त्याने नंतर खणल्या. ज्या घरात कधीकाळी कौटुंबिक प्रार्थना होत असे आणि आता होत नाही, त्या घराला नवीन योजनेची गरज नाही.

शिबिराशिवायही देव माणसाला वाचनातून धरतो, हे आपल्या रेव्हरंड टिळकांच्या चरित्रात दिसते. नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. प्रथम त्यांना ते पुस्तक रुचले नाही. तरी वाचीन म्हटले होते म्हणून पेन्सिलने खुणा करीत वाचत गेले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आवडले नाही तरी पुढचे पान उलटणे, हा गुण आपल्या मुलांना शिकवण्याजोगा आहे.

शिक्षकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. इंग्लंडमधील केझिक गावी ॲनी मार्स्टन नावाच्या शब्बाथ शाळेच्या शिक्षिका आपल्या वर्गातील मुलींना रोज वाचावयाच्या भागांची यादी हाताने लिहून देत असत. त्यातूनच १ एप्रिल १८७९ पासून स्क्रिप्चर युनियनचे छापील वाचनपत्रक सुरू झाले आणि जगभर गेले. आरंभ हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचा होता. तुमच्या वर्गात बारा मुले असतील तर बारा चिठ्ठ्या लिहा. शिबिराच्या छापील बनियनांपेक्षा त्यांना खर्च कमी येतो. मार्काचे सोळा अध्याय आहेत, सुट्टी संपण्यापूर्वी ते होतात. पुढे नव्या कराराचे २६० अध्याय आठवड्याला पाच प्रमाणे बरोबर ५२ आठवड्यांत पुरे होतात. चुकलेला भाग भरून काढण्यास शनिवार-रविवार मोकळे राहतात. सुरुवातीलाच लेवीयाचे पुस्तक हाती देऊ नका.

दुसरे असे की, शिबिराचा हिशेब जुलैच्या पहिल्या रविवारी पुरा करा. मुलांना रांगेत उभे करून कोणी वाचले, कोणी नाही, असे विचारू नका. लाजेने ती खोटे बोलतील. एकेकाला बाजूला घ्या आणि मार्काचा कोणता अध्याय चालला आहे, आणि तो घरात कोणाबरोबर वाचतोस, एवढे विचारा. ज्याच्याजवळ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल त्याच्या घरी त्याच आठवड्यात जाऊन या.