पाच मार्कांचा तेल्या

बीएस्सी होऊन मी मोहोळला घरी आलो. वडिलांनी डाळिंबाचं पान पुढे धरलं. "हे डाग कशाचे रे?" त्याच बागेवर माझी फी भरली होती. मला सांगता येईना.

तो तेल्या होता. झँथोमोनास जिवाणूमुळे होतो, हे मी पेपरात पाच मार्कांसाठी लिहिलं होतं. पुढे मुलाखतींतही असाच गप्प बसलो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात कॉलेज काढलं, ते ‘कमवा आणि शिका’ म्हणत. ‘कमवा’ आधी. आपण आधी शिकतो, मग नोकरीची वाट बघतो.

शिक्षण फक्त नोकरीसाठी नसतं, हे मलाही पटतं. पण घरच्या झाडाचं दुखणं ओळखता येत नसेल, तर त्याला ज्ञान तरी कसं म्हणायचं?