भरतीच्या पलीकडची धाव

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. भरतीची चाहूल लागली की पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने पोरं धावू लागतात. एकजण मोबाइलवर वेळ लावतो, बाकीचे त्याच्या हाकेसरशी वेग वाढवतात. पाच किलोमीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, एवढंच त्यांचं जग. यादीत नाव लागलं की पेढे, नाही लागलं की पुन्हा शेत. बहुतेकांची धाव दोन्हीकडे तिथंच थांबते.

सोव्हिएत स्पीड स्केटर लिडिया स्कोब्लिकोवाची धाव मात्र अशी थांबू दिली गेली नाही. १९३९ साली उरल पर्वतातल्या झ्लातोउस्त या पोलाद गाळणाऱ्या शहरात ती जन्मली. १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगची दोन सुवर्णपदकं तिने मिळवली. १९६४ मध्ये इन्सब्रुकला ५००, १०००, १५०० आणि ३००० मीटर या चारही शर्यती तिने सलग चार दिवसांत जिंकल्या. पहिलीत स्फोटक वेग लागतो, शेवटचीत दम. त्याच पायांत दोन्ही मुरायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो, आणि सरावाला बर्फाचं मैदान, क्लब, प्रशिक्षक लागतात. सोव्हिएत व्यवस्थेने हे सारं कारखान्यांच्या शहरांपर्यंत नेलं होतं. त्यामागे देशाची शान मिरवण्याचा हेतू होता आणि त्या राजवटीत माणसाच्या मर्जीला मोल कमी होतं, हेही खरं. ती राजवट आपल्याला नको. पण गुणी पोर हेरून तिच्यामागे उभं राहायला हुकूमशाही लागत नाही.

पुरावा मराठवाड्यातच आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला. त्याची खरी धाव नोकरी लागल्यावर सुरू झाली. सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळवलं. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकलं, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली.

जिद्द आपल्याकडे कधीच कमी नव्हती. तिला पुढचा रस्ता दाखवणारं कुणी नव्हतं. भरतीच्या मैदानावर प्रत्येक उमेदवाराची वेळ नोंदली जातेच. त्यातल्या सर्वांत वेगवान पोरापोरींची नावं, निवड होवो न होवो, जिल्ह्याच्या क्रीडा प्रशिक्षकाकडे गेली पाहिजेत आणि प्रत्येक तालुक्याला धावायला नीट मैदान मिळालं पाहिजे. हिंगोलीकरांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे ही मागणी लावून धरावी.