नांव आणि प्राण

'गाय' या शब्दानें वस्तुतः कशाचा बोध होतो, हा आपल्याकडील तार्किकांचा जुना वाद. नैयायिक म्हणत, गोत्व ही व्यक्तींहून निराळी, नित्य व सत्य अशी जाति आहे. बौद्ध आचार्य दिङ्नागाच्या मतें त्या शब्दाचा अर्थ 'गायेतर नव्हे' एवढाच. जाति ही बुद्धीची कल्पना. हा वाद पंडितांच्या फावल्या वेळाचा, असें वाटणें साहजिक आहे. पण ऑस्ट्रेलियाच्या रानांत तो प्राणांवर बेतला.

तेथें ग्लायडर नांवाचे लहान पिशवीधारी प्राणी आहेत. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत ताणलेल्या कातडीवर तरंगत ते रात्रीं झाडावरून झाडावर जातात. आपल्या सह्याद्रींतील उडती खारही असेंच करिते. परंतु तिला पिलांची पिशवी नाहीं आणि यांच्याशीं जवळचें नातेंही नाहीं. रूपसादृश्य हा किती लबाड साक्षीदार आहे, तें एवढ्यावरून कळावें.

१८८३ सालीं चार्लस डी व्हिस यांनीं क्वीन्सलंडमधील एका ग्लायडरची स्वतंत्र जाति ठरविली. पुढील पंडितांनीं ती स्क्विरल ग्लायडर या जातींत विलीन केली. नांव पुसलें, चौकशी संपली. १९८९ सालीं हा प्राणी पुन्हां जिवंत सांपडला आणि महोगनी ग्लायडर म्हणून त्याचें वेगळेपण मान्य झालें. परंतु तोंवर इंगहॅम व टली यांच्या परिसरांतील सखल रानाचा मोठा भाग उसाच्या शेतांनीं गिळला होता. रान तोडणाऱ्यानें कोणाला बेघर केलें? पुस्तकाप्रमाणें, कोणा विशेषाला नाहीं!

२०२० सालीं शुगर ग्लायडरचीही पाळी आली. जनुकें व शरीराचीं मापें तपासून संशोधकांनीं या एका जातीच्या तीन केल्या. त्या दिवशीं एकाही ग्लायडरमध्यें केंसभर फरक पडला नाहीं. मात्र सर्वत्र विपुल म्हणून निश्चिंतपणें सोडून दिलेला प्राणी एकाएकीं पूर्वकिनाऱ्यालगतच्या पट्ट्यापुरता उरला, आणि तो पट्टा २०१९–२० च्या वणव्यांत होरपळलेला.

मला दिङ्नाग अर्धाच पटतो. रेषा आपण ओढतों हें खरें; पण वंशावंशांतील फूट आपण पाडलेली नसते. प्रश्न उरतो तो संशयकाळांतील आचरणाचा. भेद अनिश्चित असतां वेगळें मानावें कीं एक? उगाच जाति वाढविल्यास संरक्षणाचा पैसा वांटला जातो, हा आक्षेप खोटा नाहीं. तथापि दोन्ही चुकांचें वजन सारखें नव्हे. चुकून वेगळ्या मानलेल्या जाति पुस्तकाच्या पुढल्या आवृत्तींत एक करतां येतात. टलीच्या उसांत जुना युकॅलिप्टस मात्र कोणत्याही आवृत्तीनें उभा राहत नाहीं. आणि ग्लायडरला घरट्यासाठीं लागणारी ढोली अशाच जुन्या झाडांत पडते.