राब आणि रान

तुंगारेश्वराच्या पायथ्याशी, पारोळच्या बाजूला, एक वारली आजा मार्चमध्ये पहाटेच नातवाला घेऊन मोहाची फुलं वेचायला निघे. झाडाखाली घोटाभर पाचोळा, फुलं त्यात हरवायची. एकदा पोरानं काडेपेटी काढली.

"पेटवू का, आजा? जागा साफ होईल. राब नाही का आपण भाजत?"

"राब कशाला भाजतो रे?"

"तण मरावं म्हणून. मग भाताचं रोप जोमात येतं."

"बरोबर. वावरात आपल्याला एकटा भात हवा असतो. आता या रानातलं काय काय मरावं ते सांग, मग पेटव."

आजानं हातानं पानं सारली. खाली ऐनाचं पंखवालं बी होतं, बेहड्याच्या बिया होत्या, उन्हापासून आणि उंदरांपासून लपलेल्या. हिमालयात हे काम बर्फ करतो. देवदाराचं बी हिवाळाभर त्या पांघरुणाखाली राहतं, तिथं जमीन उघड्यासारखी गोठत नाही, आणि बर्फ वितळला की त्याच ओलीवर ते रुजतं. वसईच्या या रानात बर्फ नाही. इथं बी पाचोळ्याखाली जूनच्या पावसाची वाट पाहतं.

पोरानं काडेपेटी खिशात टाकली आणि डहाळीनं जागा झाडली. पाचोळ्याचा मोठा ढीग एका कडेला लागला.

श्रावणात दोघे पुन्हा तिथं गेले. समोरचा उतार उन्हाळ्यात कुणीतरी जाळला होता. पहिल्याच पावसात तिथली वरची माती ओढ्यात गेली होती. उरलं होतं गवत, आणि मधूनमधून साग. त्याच्या फळाचं कवच कठीण, आगीतूनही तो तरतो. ऐन नाही, बेहडा नाही. रानाचं वावर झालं होतं. अलीकडे, जिथं पाचोळा पातळ पसरला होता, तिथं नाना जातींची रोपं होती.

पण पोराच्या ढिगाखाली काहीच नव्हतं.

"आजा, मी तर जाळलं नव्हतं!"

"ढीग तर केलास ना? हेदाचं बी धुळीएवढं. ते वरच्या पानावर अडकतं, मुळाला माती सापडत नाही. फुलं संपली की पाचोळा होता तसा पसरायचा."

पुढच्या वर्षीपासून पोरगा तसंच करू लागला.

तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे. उन्हाळ्यात देवदर्शनाला किंवा भटकायला तिथं जाल तेव्हा विडी-काडी आणि चूल घरीच राहू द्या. तुमच्या पायाखालच्या पाचोळ्यात पुढच्या पावसाचं रान निजलेलं असतं.