शेजाऱ्यांची संमति

शेजारी मनुष्यास निवडून घेतां येत नाहीं, तो वांट्यास येतो. शेजारधर्म हा शब्द आमच्या भाषेंत रूढ झाला तो याच अडचणींतून, असें आम्हांस वाटतें. गेल्या साठ वर्षांत युरोपांत ही अडचण टाळण्याचा एक प्रयोग चालला आहे. दहा-वीस कुटुंबें आधीं एकमेकांस पारखून घेतात, मग जागा घेऊन घरें बांधतात. प्रत्येकाचें बिऱ्हाड स्वतंत्र, पण एक मोठें स्वयंपाकघर व जेवणघर सर्वांचें. यास आम्ही सहनिवास म्हणूं. प्रयोग चांगला आहे, याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. संशय आहे तो निराळ्या ठिकाणीं. जे शेजारी या मंडळींनीं निवडले नाहींत, पण जे तेथें आधींपासून राहत आहेत, त्यांचें काय?

१९६४ सालीं यान गुडमंड-हॉयर या डॅनिश वास्तुशिल्पज्ञानें कांहीं मित्रांसह असा बेत केला, व मंडळींनीं कोपनहेगनजवळ हारेस्कोव्ह येथें जागा घेतली. मधोमध सामायिक घर आणि भोंवतीं बारा घरें, असा आराखडा होता. स्थानिक अधिकारी अनुकूल होते. शेजारी मात्र बिथरले. त्यांची तक्रार ऐकण्यासारखी आहे. इतकीं मुलें आलीं तर आपल्या शांत वस्तींत गलबला होईल, ही ती तक्रार! त्यांनीं जागेकडे जाणारी वाट कायद्याच्या बळावर अडविली, आणि अखेर मंडळींस ती जमीन विकावी लागली. डेन्मार्कांतील पहिला सहनिवास, सेटेडॅमेन, उभा राहिला तो १९७२ सालीं, दुसऱ्याच ठिकाणीं.

आतां याच्या उलट नमुना पाहा. लंडनमधील पन्नाशी उलटलेल्या कांहीं स्त्रियांनीं १९९८ सालीं एकत्र राहण्याचा संकल्प केला. हाय बार्नेट येथील पंचवीस घरांत त्यांचें पाऊल पडलें तें २०१६ च्या अखेरीस! विलंबास जमीन व पैसा हीं कारणें होतींच. पण स्थानिक कौन्सिलाच्या मनांत एक शंकाही होती. बाहेरच्या म्हाताऱ्या येथें येतील व त्यांच्या शुश्रूषेचा भार आपल्या तिजोरीवर पडेल, अशी ती शंका. एके ठिकाणीं मुलें नकोत, दुसऱ्या ठिकाणीं म्हाताऱ्या नकोत. मग वस्तींत राहावें तरी कोणीं?

हंसून सोडून देणें सोपें आहे. पण एखाद्या घरीं पांच मुलें असलेलें कुटुंब राहावयास आलें असतें तर याच शेजाऱ्यांनीं कोर्टाची पायरी चढली नसती. भीति संख्येची नाहीं. आधींच जमलेल्या मंडळीची आहे. एकटें कुटुंब येतें तें आपली उणीव बरोबर घेऊन येतें. वाणी कोठें, वैद्य कोठें, हें त्यास विचारावें लागतें, आणि विचारतां विचारतां ओळख होते. सहनिवास येतो तो भरल्या घरासारखा. त्यास विरजणसुद्धां कोणाकडे मागावें लागत नाहीं. ज्यास आपली कधीं गरज पडणार नाहीं, त्याचा शेजार कोणास आवडतो? आमच्याकडे हा अनुभव जुना आहे. मुंबईस गांवदेवी येथें १९१५ सालीं सारस्वत मंडळींनीं सहकारी गृहसंस्था काढली. आपल्या माणसांस परवडेल असें घर मिळावें, हा तिचा हेतु निर्दोष होता. परंतु ‘आपलीं माणसें’ म्हटलें कीं बाकीचीं कोण, हा प्रश्न मागोमाग येतोच.

पाठिंबा मिळविण्याची रूढ रीत अशी कीं, नकाशे पुरे झाले म्हणजे सभा भरवावी, चहा द्यावा, आणि मोटारी किती येतील याचे आंकडे सांगावे. कांहीं मंडळी याहून पुढें जाऊन, सामायिक दिवाणखाना गांवासही खुला ठेवूं, असें वचन देतात. हें देणें म्हणावें कीं लांच? परवानगी हातीं पडल्यावर, शेजाऱ्याची गरज संपल्यावरही दार उघडें राहणार असेल, तर तें देणें. नाहींतर ती किंमत. किंमत मोजण्यांत पाप नाहीं, पण तिला स्नेह म्हणूं नये. त्यापेक्षां नकाशा कोरा असतांनाच शेजाऱ्यांकडे जावें, आणि सांगावयास नव्हे, विचारावयास जावें. पावसाचें पाणी कोठें तुंबतें? कोणाच्या खिडकीचा उजेड अडेल? अर्थात् त्या उत्तरानें एखादी भिंत सरकली पाहिजे; न सरकल्यास तें विचारणें केवळ ढोंग होय.

इतकें करूनही कोणी म्हणेल, मुलें नकोत. तेव्हां? शेजाऱ्याचा आपल्या उजेडावर व आपल्या वाटेवर हक्क आहे. दुसऱ्याच्या मुलांनीं अंगणांत हंसूं नये, असें म्हणण्याचा नाहीं. अशा वेळीं कायदा अनुकूल असेल तर घरें बांधावीं, असेंच आम्ही म्हणूं. मात्र ज्याचा विरोध मोडला तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं कुंपणापलीकडे उभा असेलच, आणि त्याच्याशीं प्रथम बोलावयाचें कोणीं, हें बांधणारांनीं आधींच ठरवून ठेवावें.